दाढ गेली, खाच राहिली

दाढ निघाल्यावर डॉक्टर खाचेवर गॉझची घडी ठेवतात आणि अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायला सांगतात. त्या दाबाखाली रक्त साकळतं आणि गडद लाल, मऊ गुठळी हाडाच्या भिंतींना धरून बसते. पुढे जखम भरण्याचं सगळं काम या गुठळीच्या आधारानं चालतं. तरीही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दंतवैद्यांनी, औषध कंपन्यांनी आणि घरातल्या जाणत्या माणसांनी या खाचेत काय काय घालून पाहिलं आहे! लवंगेचं तेल, आयोडोफॉर्म, टेट्रासायक्लिनची पूड, जिलेटिनचा स्पंज, मध, हळद, कोरफड, अगदी रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेली पांढरट चकतीसुद्धा. यातल्या काहींनी खरंच मदत केली, काहींनी फक्त वेदना दाबली आणि काहींनी भरत आलेली जखम लांबवली.

औषधाच्या खोक्यावर ‘जखम लवकर भरते’ एवढंच छापलेलं असतं, पण त्यामागे चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. रक्त थांबलं का? गुठळी जागेवर टिकली का? दुखणं कमी झालं का? आणि काही महिन्यांनी तिथलं हाड किती शिल्लक राहिलं? एका प्रश्नावर उत्तम काम करणारं औषध दुसऱ्यावर निरुपयोगी, कधी अपायकारकही ठरतं. लवंगेचं तेल वेदना शमवतं म्हणून ते जखम भरतं असं समजणं ही यातली सर्वांत जुनी गल्लत आहे.

आधी शरीर स्वतः काय करतं ते पाहू. गुठळीतल्या फायब्रिनच्या धाग्यांवर, मांडवावर वेल चढावा तशा, नव्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या चढत जातात. आठवडाभरात गुठळीची जागा कोवळी लालसर ऊती घेऊ लागते. तीन ते सहा आठवड्यांत वरून हिरडीचं आवरण जुळतं. तळाकडून नवं हाड भरत यायला तीन-चार महिने लागतात, आणि त्याची घडण पुढेही बरेच महिने चालू राहते. तोंडातली जखम कातडीवरच्या जखमेपेक्षा लवकर आणि कमी व्रण ठेवून भरते, यात लाळेचाही वाटा आहे. लाळेतलं हिस्टॅटिन हे प्रथिन जखमेच्या कडेच्या पेशींना पुढे सरकायला मदत करतं, असं ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. पण हीच लाळ फायब्रिन विरघळवणारे घटकही खाचेपर्यंत आणते. तोंडातली गुठळी म्हणूनच नाजूक असते.

ती वेळेआधी विरघळली किंवा निघून गेली की होतो तो ‘ड्राय सॉकेट’, म्हणजे कोरडी खाच. अमेरिकी दंतवैद्य जेम्स क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये या दुखण्याचं पहिलं वर्णन केलं. दाढ काढल्यावर पहिले दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी, जेव्हा दुखणं उतरायला हवं तेव्हा, ते उलट चढतं. कळ कानापर्यंत जाते, तोंडाला दुर्गंधी येते, खाचेत उघडं हाड दिसतं. कोपनहेगनच्या हेर्लुफ बिर्न यांनी १९७३ च्या सुमारास याचं कारण मांडलं: हाडाला झालेली इजा आणि जंतू यांमुळे प्लाझ्मिन हा विकर सक्रिय होतो आणि तो गुठळीचं फायब्रिन तोडतो. साध्या दात काढण्यात शंभरातल्या एक ते पाच जणांना हा त्रास होतो. खालची रुतलेली अक्कलदाढ काढताना हे प्रमाण काही अभ्यासांत तीस टक्क्यांपर्यंत जातं.

तंबाखूचा हिशेब इथे चुकवता येत नाही. स्वीट आणि बटलर यांनी १९७९ मध्ये खालच्या अक्कलदाढा काढलेल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. सिगारेट न ओढणाऱ्यांत कोरड्या खाचेचं प्रमाण २.६ टक्के होतं, रोज अर्धं पाकीट ओढणाऱ्यांत १२ टक्के. शस्त्रक्रियेच्या दिवशीच सिगारेट ओढलेल्यांत ते ४० टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रात प्रश्न फक्त सिगारेटचा नाही. दात दुखला की त्यावर तंबाखूची चिमूट दाबून धरणारे आणि रोज सकाळी मशेरी लावणाऱ्या बायका आजही आहेत. ताज्या खाचेजवळ मशेरीचं बोट फिरलं तर वर कोणतंही महागडं जेल लावून फायदा नाही. डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढता का’ एवढंच विचारून थांबू नये. मशेरीबद्दल स्वतःहून सांगायला बायका बहुधा लाजतात.

बाहेरून लावायच्या औषधांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो क्लोरहेक्सिडीनचा. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं कोरड्या खाचेवरच्या चाचण्यांचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध केला आणि २०२२ मध्ये तो अद्ययावत केला. त्यात ४९ चाचण्या आणि ६,७७१ रुग्ण आहेत. दात काढण्याआधी आणि काढल्यानंतर चोवीस तासांनी क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या केल्या, तर कोरडी खाच होण्याची शक्यता बरीच घटते. दात काढल्यावर खाचेत ०.२ टक्क्यांचं जेल घातलं, तरी जवळपास तेवढाच फायदा होतो. दोन्ही निष्कर्षांची खात्री मध्यम दर्जाची आहे, आणि या विषयात तेवढी खात्री मिळणंही दुर्मीळ आहे.

पण हा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही, आणि हा मुद्दा दवाखान्यात क्वचितच सांगितला जातो. धोका शंभरात एकाला असेल, तर एका माणसाची कोरडी खाच टाळायला १६२ जणांनी त्या गुळण्या कराव्या लागतात. धोका पाच टक्के असेल तर ३३ जणांनी, आणि तीस टक्के असेल तर सातच जणांनी. म्हणजे रुतलेली अक्कलदाढ काढणाऱ्यानं, धूम्रपान करणाऱ्यानं किंवा आधी कोरडी खाच भोगलेल्यानं हे औषध जरूर वापरावं. हलणारा पुढचा दात सहज निघून आला असेल, तर चव बिघडवणारं आणि दातांवर तपकिरी डाग पाडणारं द्रावण आठवडाभर तोंडात घोळवण्याला फारसा आधार नाही.

त्यात एक गंभीर धोकाही आहे. ब्रिटनमध्ये कोरडी खाच क्लोरहेक्सिडीननं धुतल्यावर तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया येऊन रुग्ण दगावल्याच्या दोन घटना नोंदल्या गेल्या. तिथल्या औषध नियामक संस्थेनं २०१२ मध्ये क्लोरहेक्सिडीनच्या ॲलर्जीबद्दल इशारा काढला. अशी प्रतिक्रिया फार विरळ असते. पण उघड्या जखमेत औषध जोरानं सोडण्यापेक्षा खाच साध्या सलाईननं धुणं कधीही शहाणपणाचं, आणि ‘याआधी कुठल्या माउथवॉशनं अंगावर पित्त उठलं होतं का’ हा प्रश्न विचारायला दहा सेकंदं लागतात. आपल्याकडच्या दुकानांत हिरड्यांना चोळायला मिळणारं जेल बहुधा एक टक्क्याचं असतं. चाचण्यांत खाचेत घातलेलं ०.२ टक्क्यांचं जेल वेगळं. ते हिरडीचं जेल बोटानं खाचेत भरणं योग्य नाही.

मिठाच्या कोमट पाण्याला मोठ्या चाचण्यांचं भाग्य लाभलेलं नाही, कारण मीठ विकून कोणी चाचणीचा खर्च काढणार नाही. तरीही जे काम झालं आहे ते दिलासा देणारं आहे. नायजेरियातल्या एका अभ्यासात, दात काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्यानं तोंड धुणाऱ्यांना कोरडी खाच कमी झाली, आणि दिवसातून दोनदा धुणं व सहादा धुणं यांत फरक पडला नाही. थायलंडच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रयोगशाळेत हिरडीच्या पेशींवर मिठाचं पाणी वापरून पाहिलं. ०.९ ते १.८ टक्क्यांच्या द्रावणात थोडा वेळ धुतलेल्या पेशी जखमेच्या दिशेनं जोमानं सरकल्या. पेलाभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घातलं की द्रावण सुमारे सव्वा टक्क्याचं होतं, म्हणजे आजीचं प्रमाण बरोबर त्या टप्प्यात बसतं. अट एकच: पहिले चोवीस तास गुळणी नाही, आणि नंतरही खळखळून चूळ भरायची नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान कलती करून हलकेच फिरवायचं आणि ओठ सैल सोडून बाहेर पडू द्यायचं. जोरात थुंकणं आणि स्ट्रॉनं ओढून पिणं या दोन्हींनी गुठळी सुटते.

घरगुती औषधांचा इतिहास मोठा आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, दाताच्या मुळाशी नाडीव्रण झाला असेल तर दात काढून जागा स्वच्छ करावी, क्षारानं किंवा अग्नीनं डागावी, आणि जाई, खैर यांसारख्या तुरट वनस्पतींच्या काढ्यानं तोंड धुवावं असं सांगितलं आहे. वरचा दात हलत असला तरी काढू नये, फार रक्त जाऊन दृष्टी जाते, असा इशाराही तिथे आहे. वरची दाढ काढली की डोळे अधू होतात ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. दाढेच्या मुळाचा दृष्टीच्या मज्जातंतूशी काही संबंध नाही. त्या भीतीपोटी पू झालेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात ठेवणं मात्र खरोखर घातक आहे.

हळदीची कथा तर थेट अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात पोचली. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळालं. त्या वेळी रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेनं जुने ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ चा लेख असे पुरावे पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. हा विजय अभिमानाचाच आहे. पण त्यातून सिद्ध झालं ते हे की भारतात हळद जखमेवर आधीपासून वापरली जात होती. दाढेच्या खाचेत ती किती उपयोगी पडते, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. त्याचं उत्तर शोधणारे अभ्यास नंतर भारतात झाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरड्या खाचेत हळदीची पट्टी ठेवली तेव्हा, झिंक ऑक्साइड-युजेनॉलच्या नेहमीच्या पट्टीच्या तुलनेत वेदना आणि सूज चांगली उतरली. मधाच्या पट्ट्यांवरही असे छोटे, आशादायक भारतीय अभ्यास आहेत. हे काम मोठ्या प्रमाणावर, अनेक दंत महाविद्यालयांनी मिळून पुढे न्यायला हवं. तोवर डब्यातली मसाल्याची हळद किंवा पोळ्याचा कच्चा मध ताज्या खाचेत भरू नये. अभ्यासातली पट्टी डॉक्टर ठेवतात, बदलतात आणि काढून घेतात. घरी भरलेली पूड खाचेत अडकून राहते.

लवंगेच्या तेलातलं युजेनॉल वेदना आणि जंतू दोन्हींवर चालतं, म्हणूनच कोरड्या खाचेच्या बहुतेक पट्ट्यांत ते असतं. कोरडी खाच झालेल्या माणसाला त्या पट्टीनं काही मिनिटांत जो आराम पडतो तो मोठा असतो. पण तीव्र युजेनॉल पेशींना जाळतं. ताज्या, रक्त साकळलेल्या खाचेत तेलाचा बोळा खुपसला तर गुठळीही जाते आणि कापसाचे धागेही आत राहतात. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याची सवय तर याहून वाईट: त्या जागची त्वचा पांढरी पडून सोलून निघते, आणि दुखणं कमी व्हायचं तर गोळी पोटातच जावी लागते.

दवाखान्यातल्या भरण्याही निर्दोष नाहीत. अल्व्होजिल या प्रसिद्ध तपकिरी, तंतुमय लेपात युजेनॉलबरोबर एका नेच्याचे मऊ तंतू असतात. सुमात्राकडच्या या नेच्याचे तंतू एकोणिसाव्या शतकात युरोपात रक्त थांबवायला वापरत. हा लेप कोरड्या खाचेच्या वेदनेसाठी चांगला आहे. मात्र खाचेत न विरघळणारं काहीही भरलेलं असलं की त्या जागी नवी ऊती येऊ शकत नाही. म्हणून दुखणं उतरल्यावर पट्टी काढायलाच हवी. टेट्रासायक्लिनचं उदाहरण अधिक बोलकं आहे. खाचेत हे प्रतिजैविक ठेवल्यावर कोरडी खाच कमी झाल्याचं दिसलं आणि अनेकांनी पेट्रोलियम जेलीत मिसळलेलं मलम वापरायला सुरुवात केली. पुढे काही रुग्णांच्या जबड्यात गाठी सापडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या बुरशीसारख्या दिसत, प्रत्यक्षात त्या मलमातल्या पेट्रोलियम जेलीत अडकून बदललेल्या लाल रक्तपेशी होत्या. मायोस्फेरुलोसिस नावाचा हा प्रकार १९६९ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या रुग्णांत प्रथम वर्णिला गेला होता. खाचेत घातलेल्या मलमाच्या नुसत्या आधारद्रव्यानंही आजार होऊ शकतो, हे तेव्हा कळलं.

रक्त थांबवण्याच्या बाबतीत चित्र जास्त समाधानकारक आहे. हृदयाची कृत्रिम झडप असलेले आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणारे रुग्ण दाढ काढायला येत तेव्हा गोळी बंद करायची पद्धत होती, आणि त्या बंदच्या दिवसांत मेंदूकडे गुठळी जाण्याचा धोका असतो. १९८९ मध्ये डेन्मार्क-स्वीडनच्या संशोधकांनी ३९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. गोळी चालू ठेवूनच शस्त्रक्रिया झाली आणि नंतर ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या सुमारे पाच टक्के द्रावणानं आठवडाभर तोंड धुतलं. साधं द्रावण मिळालेल्या गटात आठ जणांना नंतर रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात फक्त एकाला. ऑस्ट्रेलियातल्या नंतरच्या अभ्यासात आठवड्याची गरजही उरली नाही, दोन दिवस पुरले. हे औषध शोधलं जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी, बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी. त्यांचं संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. खाचेत ते नेमकं बिर्न यांनी सांगितलेल्या प्लाझ्मिनची वाट अडवतं आणि गुठळी टिकवून धरतं.

रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांबाबत मात्र बेल्जियममध्ये २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१८ रुग्णांच्या चाचणीत या गुळण्यांनी एकूण रक्तस्राव घटला नाही. उशिरा होणारा रक्तस्राव आणि एका वेळी अनेक दात काढल्यानंतरचा रक्तस्राव तेवढा कमी झाला. भारतात डॉक्टर पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी दहा मिलिलिटर पाण्यात कुटून पाच टक्क्यांचं द्रावण करून देतात. ही सोय काही रुपयांत होते आणि तालुक्याच्या गावीही शक्य आहे. हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता गोळ्या बंद करून आलेला रुग्ण पाहिला की वाटतं, ही माहिती प्रत्येक औषधाच्या दुकानात लावायला हवी. गॉझ, टाका, जिलेटिनचा स्पंज आणि ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज ही साधी साधनं या द्रावणासोबत असली की बहुतेक रुग्णांचं काम भागतं.

रुग्णाच्याच रक्तापासून केलेल्या फायब्रिनची लाट फ्रान्समधून आली. नीसच्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धत सोपी आहे: दहा मिलिलिटर रक्त काढायचं, त्यात काहीही न मिसळता ते दहा-बारा मिनिटं यंत्रात फिरवायचं, आणि मधोमध जमलेली पिवळसर पांढरी फायब्रिनची चकती खाचेत ठेवून वर टाका घालायचा. पीआरएफ या नावानं ती आता पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत सर्रास मिळते. कल्पना सुंदर आहे, कारण ती शरीराच्या स्वतःच्या गुठळीलाच बळ देते. कोक्रेनच्या आढाव्यात अशाच जातीच्या प्लेटलेटयुक्त प्लाझ्मामुळे कोरडी खाच घटल्याचं दिसलं, पण तो आकडा दोन लहान चाचण्यांतल्या १२७ रुग्णांवर उभा आहे. अवघड अक्कलदाढेसाठी या चकतीचा खर्च समजता येतो. सरसकट प्रत्येक दाताला ती सुचवणं रुग्णाच्या खिशावर अन्याय आहे.

हायलुरोनिक ॲसिडचं जेल, कोरफडीतल्या ॲसिमॅननच्या पट्ट्या, ओझोन, ग्रीन टीत भिजवलेला गॉझ यांवरही अभ्यास आहेत. वेदना किंवा सूज थोडी उतरते, ग्रीन टीच्या टॅनिननं रक्त थोडं लवकर थांबतं. सवयीनं वापरावं इतकं त्यात अजून काही नाही.

हाडाचा प्रश्न वेगळाच, आणि इम्प्लांटच्या काळात तो महत्त्वाचा झाला आहे. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्यानं घटते, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांत होते. खाचेत हाडाची पूड भरून ही झीज थोपवण्याचा प्रयत्न करतात. त्यानं सरासरी एक ते दीड मिलिमीटरच्या आसपास हाड वाचतं असा २०२१ च्या कोक्रेन आढाव्याचा अंदाज आहे, तोही कमी खात्रीचा. पुढच्या दातांच्या जागी इम्प्लांट बसवायचा असेल तर हे मिलिमीटर मोलाचे. इम्प्लांट करायचाच नसेल, तर या भरण्याचा रुग्णाला फारसा उपयोग नाही.

पोटात घ्यायच्या प्रतिजैविकांचा विचार केला तर बाहेरून लावायच्या साध्या उपायांचं मोल अधिक कळतं. रुतलेल्या अक्कलदाढांनंतर एका निरोगी माणसाचा संसर्ग टाळायला १९ जणांना प्रतिजैविक द्यावं लागतं, असं कोक्रेननं २०२१ मध्ये काढलं. उरलेल्या अठरा जणांच्या वाट्याला जुलाब, पुरळ आणि औषधाला न जुमानणारे जंतू येऊ शकतात. आपल्याकडे साधी दाढ काढल्यावरही पाच दिवसांचा कोर्स लिहून दिला जातो.

काही जबड्यांत मात्र कोणतंही जेल किंवा गुळणी पुरी पडत नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट गटाची औषधं घेणाऱ्यांत दात काढल्यानंतर हाड मरून उघडं पडू शकतं. अमेरिकी शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये याकडे प्रथम लक्ष वेधलं. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्यावर किरणोपचार झालेल्यांनाही हाच धोका असतो, आणि तंबाखू-गुटख्यामुळे महाराष्ट्रात असे रुग्ण खूप आहेत. दाबाखालच्या ऑक्सिजनचा उपाय अशा रुग्णांत दात काढताना वर्षानुवर्षं वापरला गेला. ब्रिटनमधल्या होपॉन चाचणीत, २०१९ मध्ये, त्याचा फायदा दिसला नाही: ऑक्सिजन मिळालेल्यांत ६.४ टक्के आणि न मिळालेल्यांत ५.७ टक्के रुग्णांचं हाड मेलं. त्यामुळे किरणोपचार सुरू होण्याआधी, किंवा बिस्फॉस्फोनेटच्या इंजेक्शनचा पहिला डोस घेण्याआधी, दातांच्या डॉक्टरांकडून सगळं तोंड तपासून घ्यावं आणि न वाचणारे दात तेव्हाच काढून घ्यावेत. त्या खाचा भरायला दोन-तीन आठवडे मिळाले तरी पुरेत, आणि ते आठवडे कर्करोगतज्ज्ञ व दंतवैद्य यांनी एकमेकांशी बोलूनच ठरवायचे असतात.